काच पुसायची फडकी आणि टॉवेल: व्यावसायिक कामासाठी काय घ्यावं, काय टाळावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काचा पुसण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. म्हणजे सोसायट्यांची कामं घेणारे, बाजारपेठेतल्या शोकेस रोज सकाळी दुकान उघडायच्या आत चकाचक करणारे, ऑफिसात हाउसकीपिंगची माणसं सांभाळणारे सुपरवायझर. घरच्या खिडक्या स्वतः करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. नवीन मुलगा कामाला आला की वायपर कसा धरायचा हे पहिल्याच दिवशी विचारतो. फडक्याबद्दल कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक मात्र बोट दाखवतं ते कडेला राहिलेल्या पट्ट्याकडे आणि काचेला चिकटलेल्या तुसाकडे, आणि ही दोन्ही फडक्याची कामं.

हातात वायपर असताना फडक्याची गरजच काय?

काचेवरचं पाणी रबराने उतरवायचं, फडक्याने नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की फडकं निवडणं निम्मं सोपं होतं. अमेरिकेत ओकलंडला राहणाऱ्या एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन माणसाने १९३६ साली एकाच रबरी पात्याच्या हलक्या पितळी वायपरचं पेटंट घेतलं. आज काचकामात जो वायपर चालतो तो मुळात त्याच घडणीचा आहे. त्या पात्याने पाणी ओढून घेतलं की उरते ती फक्त कडांची ओल, चौकटीच्या बीडिंगलगत (काच धरून ठेवणाऱ्या पट्टीलगत) जेमतेम बोटभर रुंद. ती टिपणं हे काचेच्या फडक्याचं काम. शिवाय प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायला फडकं लागतं आणि खिडकीच्या कट्ट्यावर सांडलेलं पाणी आवरायला टॉवेल लागतो.

काचेच्या मधोमध फडकं फिरवायची वेळ सारखी येत असेल तर महागडं फडकं घेऊन काही होणार नाही. रबराची धार गोल झालीय का, बादलीत साबण जास्त पडतोय का, काच तापलेली आहे का, हे आधी बघा. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेकडची काच दुपारी करायला घेतली तर वायपर खालपर्यंत पोचायच्या आत वरचं पाणी वाळलेलं असतं. ती काच सकाळी करावी.

मग एकच चांगलं फडकं सगळीकडे का चालत नाही?

आपल्याकडच्या खिडक्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगच्या. त्यांच्या खालच्या ट्रॅकमध्ये काय असतं ते एकदा बोट घालून बघा: माती, सिमेंटची भुकटी, कबुतराची घाण, मेलेल्या किड्यांचे पंख आणि बारीक वाळू. यातली वाळू सगळ्यात वाईट. वाळूतल्या गारगोटीचा कठीणपणा मोहस मापावर ७ आहे आणि खिडकीची काच साडेपाच ते सहाच्या आसपास. म्हणजे ट्रॅक पुसलेलं फडकं काचेवर फिरवलं की वाळू काच खरवडणारच. फडकं कितीही मऊ असलं तरी त्याला इलाज नाही.

म्हणून कमीत कमी तीन फडकी वेगळी ठेवायची: काचेच्या कडांचं, वायपरच्या रबराचं, आणि चौकट-ट्रॅक-कट्टा यांचं. त्यांचे रंग ठरवून टाका. आमच्याकडे निळं काचेला, पिवळं रबराला आणि करडं चौकटीला. रंग कोणतेही चालतील, पण एकदा ठरवले की सगळ्या टीममध्ये तेच राहू द्या. संडास-बाथरूमच्या फडक्यांचा रंग यात चुकूनही येऊ देऊ नका. ऑफिसात दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

मायक्रोफायबर म्हणजे नेमकं काय?

पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉनच) यांचे अतिशय बारीक तंतू. तंतूची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९००० मीटर लांबीच्या तंतूचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनियरचा, आणि मायक्रोफायबर त्याहूनही बारीक. एवढा बारीक धागा काढायचं तंत्र जपानी कापडउद्योगात तयार झालं. १९७० मध्ये तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी त्यातून सुएडसारखं (मऊ, लवदार चामड्यासारखं) कृत्रिम कापड बनवलं होतं. पुसायची फडकी त्यानंतरची.

काचेच्या फडक्यात मुख्य गोष्ट म्हणजे तंतू फाडलेला असणं. कारखान्यात एकेक तंतू उभा चिरून त्याच्या पाचरीसारख्या फाका करतात. त्या फाकांच्या कडा घाण खरवडून उचलतात आणि मधल्या फटींत पाणी चढतं. तंतू न फाडलेलं कापडही बाजारात 'मायक्रोफायबर' म्हणूनच मिळतं, दिसतंही मऊ. पण ते पाणी पुढे ढकलतं, उचलत नाही.

वेष्टनावर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा पॉलिअमाइडचा. पॉलिअमाइड वाढलं की पाणी जास्त धरतं आणि किंमतही वाढते. काचेच्या कडांसाठी ८०/२० पुष्कळ झालं.

दुकानात उभ्या उभ्या खरं-खोटं कसं ओळखायचं?

कोरड्या तळहातावरून फडकं हळू ओढा. फाडलेल्या तंतूचं असेल तर ते कातडीच्या बारीक भेगांत अडकत अडकत येतं, भेगाळलेल्या टाचेला साडीचा काठ अडकावा तसं. हातांनी काम करणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं आणि बऱ्याच जणांना त्याची किळसही वाटते. फडकं सुळकन घसरलं तर तिथेच ठेवून द्या.

दुसरी परीक्षा पाण्याची. दुकानाच्या काउंटरवर पाण्याचे चार थेंब टाका आणि फडक्याची एक घडी त्यावरून दाब न देता सरकवा. थेंब उचलले गेले पाहिजेत. ते घडीच्या पुढे पळत असतील तर ते फडकं तुमच्या कामाचं नाही. मात्र काही नव्या फडक्यांवर कारखान्यातलं फिनिश असतं आणि ती एक-दोन धुण्यांनंतरच पाणी प्यायला लागतात. डझनांनी घ्यायच्या आधी एक नग घरी नेऊन धुऊन बघावा.

तिसरं म्हणजे शिलाई. कडेची ओव्हरलॉक जाड, टोचरी असेल तर कोपऱ्यात ती रेघ सोडते. शिलाई नसलेली, मशीनने कापलेल्या कडेची फडकी मिळतात, ती काचेला उत्तम. आणि लेबल असलं तर पहिल्याच दिवशी कापून टाका.

जीएसएम किती असावं? जास्त म्हणजे चांगलं का?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. काचेला २०० ते ३०० चांगलं. ४०० च्या पुढची जाड, केसाळ फडकी गाडी पुसायला बनवलेली असतात. ती कोपऱ्यात शिरत नाहीत, पाणी भरलं की जड होतात आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत. चौकटीच्या फडक्याला मात्र ३००-३५० बरं, कारण त्याला पाणी बरंच आवरायचं असतं.

वेष्टनावरचा आकडा खरा आहे का ते किराणा दुकानाच्या काट्यावरही कळतं. ४० बाय ४० सेंटीमीटरचं ३०० जीएसएमचं फडकं ४८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. २८-३० ग्रॅम भरलं तर ते २०० च्याही खालचं आहे.

वीण कोणती घ्यावी?

लूप असलेली, टॉवेलसारखी वीण चौकटीला आणि रबराला. गुळगुळीत किंवा 'फिश स्केल' नावाने मिळणारी खवलेदार वीण काचेला; ती तूस सोडत नाही आणि शेवटचा हात फिरवायला छान. वाफल, म्हणजे चौकटी-चौकटींची वीण, भरपूर पाणी पिते. मोठ्या शोकेसच्या तळाशी साचलेलं पाणी एका फटक्यात घ्यायला ती बरी. दोनच प्रकार परवडत असतील तर लूपवालं आणि खवलेदार घ्या.

हक टॉवेल म्हणजे काय? परदेशातले काचकामगार त्याचं एवढं कौतुक का करतात?

ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवे किंवा निळे सुती टॉवेल असतात ना, तेच. त्यांची वीण हकाबॅक प्रकारची. अधूनमधून धागे मोकळे सोडलेले असल्यामुळे कापडावर बारीक उंचवटे येतात आणि पाणी चटकन आत जातं. शस्त्रक्रियेत तूस चालत नाही, म्हणून धागा चांगला वळलेला आणि वीण घट्ट. हेच गुण काचेला हवे असतात. सुती असल्यामुळे तो गरम पाण्यात धुता येतो, धुण्यागणिक मऊ होतो आणि तळहाताला चिकटत नाही. दिवसभर हातात फडकं धरणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

मायक्रोफायबर आणि हक यांत एकच निवडायचं असेल तर आम्ही कडांसाठी हक निवडू. हक टॉवेल किंचित दमट असतानाही काम देतो. मायक्रोफायबर ओलं झालं की पट्टा सोडायला लागतं आणि लगेच दुसरं घ्यावं लागतं. पण चिकट बोटांचे ठसे, हॉटेलच्या काचेवरचा तेलाचा थर, शाळेच्या दारावरची लहान मुलांची तोंडं-हात, इथे मायक्रोफायबरला तोड नाही.

हॉस्पिटलमधून निघालेले जुने टॉवेल भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात. घ्यावेत का?

नाही. रक्ताने किंवा शरीरातल्या स्रावांनी माखलेलं, टाकून दिलेलं कापड २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या वर्गात येतं. ते प्रक्रियेला जायला हवं, भंगारात येताच कामा नये. परदेशात धुऊन निर्जंतुक केलेले जुने हक टॉवेल रीतसर विकले जातात हे खरं. पण आपल्याकडे भंगाराच्या ढिगातल्या गठ्ठ्याचा आगापिछा कोण सांगणार? हॉस्पिटलला कापड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून नवे घ्या. तुमच्या माणसांच्या हाताला भेगा-कापल्याच्या खुणा असतात, हेही लक्षात असू द्या.

सोलापुरी टॉवेल चालतील का?

कट्ट्यावर आणि जमिनीवर उत्तम, काचेवर नको. सोलापूरच्या चादरीप्रमाणेच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि पाणी पिण्यात तो टॉवेल कुणाला हार जात नाही. पण टेरी म्हणजे लूप, आणि सुती लूप नवा असताना तूस सोडतो. काळ्या टिंटेड काचेवर ते तूस सकाळच्या तिरप्या उन्हात असं उठून दिसतं की सगळी मेहनत पाण्यात जाते.

आत काम करताना मात्र हा टॉवेल पाहिजेच. गिऱ्हाइकाच्या लाकडी फ्लोअरिंगवर, सोफ्यावर, खिडकीखालच्या पुस्तकांवर पाणी पडायच्या आधी तो पसरून घ्या. वायपर लावण्याआधी टॉवेल पसरणारा माणूस घरच्या बाईंना पहिल्या मिनिटात पसंत पडतो आणि पुढच्या दिवाळीला त्यालाच बोलावणं येतं. यासाठी मोठा, गडद रंगाचा, जड टॉवेल घ्या. तळाला प्लॅस्टिक लावायची गरज नाही, दुहेरी घडी पुरते.

जुनं धोतर, मलमल, पंचा? आमचे वडील तेच वापरायचे.

वडील बरोबर होते. ब्रिटनमध्ये काचकामगार पिढ्यानपिढ्या स्क्रिम वापरत आले. स्क्रिम म्हणजे जवसाच्या धाग्याचं, विरळ विणीचं कापड. नवं असताना कडक असतं, अनेकदा धुतल्यावर मऊ पडतं आणि मग तूस न सोडता काच चमकवतं. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, पण शंभरदा धुतलेलं मलमलीचं धोतर त्याच्या अगदी जवळ जातं. सुटणारं तूस धुण्यातच निघून गेलेलं असतं, खळ उरलेली नसते आणि विरळ विणीमुळे ते वाळतंही चटकन.

पंचाही चालतो, मात्र जुना. नवं मांजरपाट घेऊन कापलंत तर त्यातली खळ काचेवर पांढरा पट्टा ओढते. जुन्या साड्या घ्यायच्या तर फक्त सुती घ्या. सिंथेटिक साडी पाणी पीत नाही, नुसतं पसरवते. जर किंवा जाड काठ असला तर तो आधी फाडून काढायचा.

अडचण एकच: पन्नास माणसांच्या टीमला एकसारखी जुनी धोतरं कुठून आणायची? दोघा-तिघांच्या धंद्याला हा उत्तम मार्ग आहे. मोठ्या कंत्राटात हक किंवा मायक्रोफायबरला पर्याय नाही.

बनियनच्या चिंध्या किलोवर मिळतात, त्या?

गॅरेजमध्ये ठीक आहेत. काचेवर कापलेल्या कडेचे धागे सुटतात, शिवाय प्रत्येक चिंधी वेगळ्या मिश्रणाची. रंग सोडणारी एखादी चिंधी पांढऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) चौकटीला लागली की झालं. सिलिकॉनचे थेंब, पेंटचे शिंतोडे, गोंद असल्या एकदा पुसून फेकायच्या कामापुरत्या एका पिशवीत ठेवा.

शॅमी लेदर आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत ओलं मिळणारं पिवळं कापड?

खरं शॅमी म्हणजे माशाच्या तेलाने कमावलेलं मेंढीचं मऊ कातडं. पिवळं कापड पीव्हीए नावाच्या प्लॅस्टिकचं. दोन्ही ओलं करून पिळल्यावरच कामाला येतात आणि वाळली की पापडासारखी कडक होतात. पाणी उचलण्यात दोन्ही जबरदस्त. पण दोन्ही स्वतः ओली असल्यामुळे मागे पातळ ओल ठेवतात, म्हणून शेवटचा हात कोरड्या फडक्याचाच लागतो. कातडी शॅमीला कडक डिटर्जंट चालत नाही, त्यातलं तेल निघून जातं आणि ती फाटते. आम्हाला शॅमीची गरज वाटत नाही. जाड बीडिंगच्या जुन्या लाकडी खिडक्या करणारे काहीजण मात्र तिच्यावाचून काम करत नाहीत आणि त्यांच्या काचा सुंदर असतात.

वर्तमानपत्राने काच चमकते म्हणतात.

घरी एखादा आरसा पुसायला हरकत नाही. व्यवसायात नको. शाई पांढऱ्या चौकटीला आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीला लागते, भिजलेला कागद फाटतो आणि त्याचा लगदा बीडिंगमध्ये अडकून बसतो.

नवं फडकं थेट कामाला घ्यावं का?

नाही. मायक्रोफायबर एकदा-दोनदा धुवा, हक टॉवेल निदान चार-पाच वेळा, मांजरपाट त्याहून जास्त. गडद रंगाची फडकी पहिल्या काही वेळा वेगळी भिजवा. पाणी रंगीत येतंय तोवर ती काचेजवळ नेऊ नका.

फडकी धुवायची कशी?

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, कपडे मऊ आणि सुवासिक करणारं कंडिशनर अजिबात वापरायचं नाही. ते धाग्यावर मेणचट थर चढवतं. शर्टाला तो थर मऊपणा देतो, फडक्याला मात्र पाणी पिऊ देत नाही आणि तोच थर पुढे काचेवर उतरतो. उन्हाकडे पाहिलं की इंद्रधनुषी पट्टे दिसतात ते बहुतेकदा त्याचेच. टीममधला कुणी घरी फडकी नेऊन घरच्या कपड्यांत धूत असेल तर त्याच्या घरच्यांपर्यंत हे पोचायला हवं. शक्यतो धुणं तुमच्याच जागी ठेवा.

दुसरं, साबणाची वडी घासू नका. बोअरच्या जड पाण्यात साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारी साय तयार होते, तीच बादलीच्या कडेला पांढरट थर होऊन बसते. ती धाग्यातही बसते आणि फडकं खरखरीत, चिकट होतं. डिटर्जंट घ्या, पावडर किंवा द्रव, आणि नेहमीच्या निम्मं घाला. द्रव असला तर बरं, कारण न विरघळलेले पावडरचे कण उरत नाहीत. जास्त घातलेलं डिटर्जंट निघायला दुप्पट पाणी लागतं.

तिसरं, मायक्रोफायबर आणि सुती वेगवेगळं धुवा. मायक्रोफायबरचं कामच तूस पकडणं, त्यामुळे एकत्र धुतलं तर टॉवेलचं सगळं तूस ते पकडतं आणि दुसऱ्या दिवशी काचेवर नेऊन सोडतं. चौकटीची फडकीही वेगळी, आणि ती मशीनमध्ये टाकण्याआधी झटकून, साध्या पाण्यातून काढून.

पाण्याचं तापमान: मायक्रोफायबरला ४० अंश पुरे, फार तेलकट असेल तर ६०, त्यावर नको. ड्रायर लावलात तर सगळ्यात कमी उष्णतेवर, इस्त्री कधीच नाही. उष्णतेने तंतूंची टोकं आखडून कडक होतात, ती डोळ्याला दिसत नाहीत पण काचेवर जाणवतात. ब्लीचही नको, नायलॉनचा भाग त्याने कुजतो. हक टॉवेलला कडकडीत पाणी चालतं.

फडकं चिकट झालंच असेल तर गरम पाण्यात थोडं डिटर्जंट घालून रात्रभर भिजवा, दोनदा खळबळून काढा आणि शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. क्षार सुटतात. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत कधीही आणू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाळ्यात फडकी वाळतच नाहीत. काय करायचं?

मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात जूनपासून हा रोजचाच प्रश्न. पिळून मशीनमध्ये जास्तीचा स्पिन द्या, मग दोरीवर एकावर एक न टाकता सुटी सुटी पंख्याखाली. ओला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवला की सकाळी कुबट वास येतो, आणि तो वास गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये दरवळतो. जाळीची पिशवी घ्या. या चार महिन्यांत फडक्यांचा साठा दीडपट लागतो असं धरूनच खरेदी करा. हक टॉवेल वाळायला मायक्रोफायबरपेक्षा जास्त वेळ घेतो, म्हणून पावसाळ्यात आम्ही मायक्रोफायबरकडे झुकतो.

फडकं स्वच्छ आहे, तरी काचेवर पांढरे ठिपके राहतात.

हा दोष पाण्याचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला योग्य पाणीसुद्धा काचेवर वाळलं तर क्षार मागे ठेवतंच. टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हे रोज दिसतं. म्हणून पाण्याचा एकही थेंब काचेवर वाळू द्यायचा नाही. वायपर ओढल्या ओढल्या कडा टिपायच्या, पुढच्या काचेकडे मग जायचं. चार काचा ओढून नंतर एकदम कडा पुसायची सवय असेल तर ती मोडा.

आधीपासून बसलेले क्षारांचे डाग फडक्याने घासून निघत नाहीत. तिथे जोर लावणं म्हणजे काच आणि खांदा दोन्ही खराब करणं. त्याला आम्ल असलेलं द्रावण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे लावावेत.

फडक्याने काचेला ओरखडे पडतात का?

कापडाने नाही, कापडातल्या कणाने पडतात. मेट्रोचं किंवा शेजारच्या टॉवरचं काम चालू असलेल्या रस्त्यावर काचेवर सिमेंट आणि वाळूचा थर असतो. तिथे कोरडं फडकं काचेला लावायचंच नाही. आधी भरपूर पाण्याने धुळीला खाली वाहू द्या, मग स्लीव्हने (दांड्यावर चढवलेल्या कापडी खोळीने) साबण लावा, मग वायपर, आणि फडकं अगदी शेवटी.

फडक्याची घडीही महत्त्वाची. आडवं एकदा, उभं एकदा दुमडा. उलटसुलट करून आठ कोरड्या बाजू मिळतात. एक बाजू ओली किंवा मळकट झाली की पुढची. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं काचेला बाद. झटकून पुन्हा वापरायचं नाही, त्याला थेट धुण्याच्या पिशवीत टाका. आमच्याकडे या नियमाला अपवाद नाही.

फिल्म लावलेली काच असेल तर फिल्म ताजी आहे का ते विचारा. साधारण महिनाभर तिला हात लावू नये. नंतरही फक्त मऊ, ओलं मायक्रोफायबर. काही इमारतींत परावर्तक थर काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि तो काचेइतका टणक नसतो, त्यामुळे कंत्राट घेण्याआधी बिल्डरकडून किंवा मेंटेनन्सकडून काचेची माहिती लेखी मागून घ्या. आधीचे ओरखडे काम सुरू करायच्या आत दाखवून, फोटो काढून ठेवावेत.

उंचावर, दोरीवर किंवा झुल्यावर काम करताना फडकी कशी न्यावीत?

कमरेच्या पट्ट्याला दोन कप्पे: उजवीकडे कोरडी, डावीकडे वापरलेली. खिशात किंवा खांद्यावर टाकलेलं फडकं वाऱ्याने उडतं, आणि बाराव्या मजल्यावरून खाली आलेलं ओलं फडकं स्कूटरवाल्याच्या तोंडावर बसलं तर अपघात ठरलेला. रबराचं फडकं छोट्या दोरीने पट्ट्याला बांधून टाका. हातमोजे घालून काम असेल तर हक टॉवेल पकडायला सोपा. बारीक मायक्रोफायबर मोज्यात सरकतं.

एका माणसाला दिवसाला किती फडकी लागतात?

तीन बेडरूमचा फ्लॅट, आतून-बाहेरून, दोघांनी करायचा असेल तर काचेची सहा-आठ, रबराची दोन, चौकटीची चार आणि दोन मोठे टॉवेल घेऊन निघा. दुकानांच्या शोकेसला याच्या निम्मी पुरतात. धुण्यात एक संच, दोरीवर एक आणि कामावर एक असे तीन संच असले की तारांबळ होत नाही. धंदा नवा असेल आणि पैसे थोडे असतील तर भारी बादलीवर खर्च करू नका, तो पैसा फडक्यांत घाला.

फडकं बाद कधी करायचं?

धुण्यांचे आकडे धरून बसू नका. स्वच्छ धुतलेलं, वाळलेलं फडकं घ्या, स्वच्छ काचेवर तोंडाने वाफ सोडा आणि एकदा पुसा. पट्टा राहिला तर ते वर धुण्याच्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे भिजवून बघा. तरीही राहिला तर ते काचेचं राहिलं नाही. त्याचा कोपरा कात्रीने कापा, म्हणजे ओळखता येईल, आणि चौकटीच्या गठ्ठ्यात टाका. तिथून पुढे ट्रॅकला, आणि ट्रॅकला वापरून वापरून विरलं की सिलिकॉन-पेंटच्या फेकायच्या पिशवीत. हक टॉवेल या वाटेने वर्षानुवर्षं चालतो. मायक्रोफायबरचं लूप सपाट, चकचकीत दिसायला लागलं की समजा तंतू संपले, आणि त्यानंतर ते चौकटीलासुद्धा पाणी नुसतं फासतं.